लाल विंचवाचा दंश (कोकण)

कोकण किनारपट्टीत, विशेषतः रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत, लाल विंचवाच्या नांगीने होणारी विषबाधा. जांभ्याचे गडगे, लाकूडफाट्याचे ढीग व पेंढा या त्याच्या नेहमीच्या जागा. इंगळी, म्हणजे मोठा काळा विंचू, दिसायला भयंकर. जिवावर बेततो तो बहुधा लहानखुरा लाल विंचू.

या जातीच्या नावाबाबत मतभेद आहेत. फाब्रिसियस यांनी १७९८ मध्ये तिचे वर्णन स्कॉर्पिओ टॅम्युलस या नावाने केले. पुढे ती ब्यूथस व नंतर मेसोब्यूथस या प्रजातींत गणली गेली. कोव्हारझीक यांनी २००७ मध्ये ती हॉटेन्टोटा प्रजातीत नेली. प्राणिशास्त्रदृष्ट्या हेच नाव ग्राह्य वाटते. मात्र वैद्यकीय लेखनात मेसोब्यूथस टिकून आहे व विषविज्ञानाच्या जुन्या निबंधांत ब्यूथस आढळते, त्यामुळे संदर्भ शोधताना तिन्ही नावे पाहावी लागतात.

विषातील काही प्रथिने मज्जातंतूंतील सोडियम मार्गिका (पेशीच्या आवरणातील, सोडियम आत सोडणारी दारे) वेळेवर बंद होऊ देत नाहीत. तंतू पुनःपुन्हा उद्दीपित होतो. दंशाच्या जागी आग होते ती यामुळे. याच विषातून वेगळे केलेले, ३७ ॲमिनो अम्लांचे आयबेरियोटॉक्सिन (१९९०) मोठ्या वहनक्षमतेच्या पोटॅशियम मार्गिका तेवढ्या निवडून रोखते. या मार्गिका तंतूचे उद्दीपन आवरतात. उंदरांत मेरुरज्जूलगतचा मज्जातंतू बांधून इजा केल्यावर संवेदी पेशींतील हा पोटॅशियम प्रवाह घटतो, असे २००९ च्या सुमारास दाखवले गेले. इजेनंतर साधा स्पर्शही का दुखतो, याचे ते एक कारण मानतात. अशा प्रयोगांत कोणती मार्गिका काम करते हे ताडण्यासाठी आयबेरियोटॉक्सिन वापरतात.

माणसातील चित्र वेगळे आहे. १९७६ पासून बिरवाडी (ता. महाड) येथे काम केलेले हिंमतराव बावस्कर यांच्या निरीक्षणानुसार असह्य ठणका असणाऱ्यांत देहव्यापी लक्षणे बहुधा नसतात. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय आणि फुप्फुसात पाणी ही धोक्याची चिन्हे. तेथे दुखणे कमीही असू शकते. मंत्राने ‘विंचू उतरला’ असे म्हणतात ते बव्हंशी पहिल्या प्रकारातले असावेत, कारण ती वेदना काही तासांनी आपोआप ओसरते. दुसऱ्या प्रकारात मात्र मांत्रिकाकडे गेलेला वेळ जीवघेणा ठरतो.

बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरात आणले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाड येथील चाचणीत प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन घेतलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले.