गढूळ पोर्ट नासलेली असतेच असे नाही

जुन्या व्हिंटेज पोर्टचा, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांपासून केलेल्या पोर्ट वाइनचा, पेला गढूळ दिसला की वाइन नासली किंवा तिच्यात भेसळ झाली, हा समज रूढ असला तरी चुकीचा आहे. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली ही वाइन पिंपात साधारण दोन वर्षे राहते, न गाळताच बाटलीत भरली जाते आणि पुढे कित्येक दशके तिथेच मुरते. या काळात द्राक्षांच्या सालींतून आलेली टॅनिन (तुरट द्रव्ये) व रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जाऊन जड होतात आणि साका बनून खाली बसतात. बाटली हलली की तो वर येतो, एवढेच. म्हणून बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवून वरची निवळ वाइन सावकाश ओतून घ्यावी. वर्षानुवर्षे पिंपात मुरलेली टॉनी पोर्ट मात्र सहसा गाळूनच भरतात. ती गढूळ दिसली, तर शंका रास्त आहे.