टंकलेखन यंत्रांची घरगुती दुरुस्ती : ठाणे व नवी मुंबई

कचेऱ्या, न्यायालये आणि टायपिंग क्लास यांतून बाद झालेली टंकलेखन यंत्रे मिळवून ती घरी साफ करण्याचा, चालती करण्याचा व चालती ठेवण्याचा छंद. पोटापाण्यासाठी केल्या जाणाऱ्या दुरुस्तीहून तो वेगळा धरावा लागतो. यंत्रे रोजच्या कामात होती तोवर ती उघडायची ती मेकॅनिकने. टंकलेखकाने फार तर रिबन बदलावी आणि ब्रशने अक्षरे झाडावीत, असा रिवाज होता. घरातल्या माणसाने स्वतः स्क्रू ड्रायव्हर हाती घेतला तो यंत्र निरुपयोगी ठरल्यानंतर. या परिसरातील छंदाला विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचे सान्निध्य आणि मराठी कळफलकाच्या यंत्रांची उपलब्धता यांमुळे वेगळे रूप आले आहे.

शोल्स व सहकाऱ्यांचे टंकयंत्रासाठीचे १८६८ चे एकस्व (पेटंट) आणि त्यानंतरचा रेमिंग्टनचा इतिहास येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. स्थानिक दृष्टीने महत्त्वाचे साल १९५५. त्या वर्षी गोदरेज अँड बॉइसने भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले. त्याला ‘आशियातील पहिले’ म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र जपानमध्ये क्योता सुगिमोतो यांचे जपानी लिपीचे टंकयंत्र १९१५ मध्येच सिद्ध झाले होते. ते कळफलकाचे नव्हते, खिळ्यांच्या तबकातून अक्षर उचलणारे होते, एवढी सवलत दिली तरच ‘आशियातील पहिले’ हे विशेषण चालू शकते. ‘भारतीय बनावटीचे पहिले’ म्हणणे अधिक सुरक्षित. उत्पादन कधी थांबले याविषयीही २००९ व २०११ अशी दोन साले आढळतात. पहिले साल निर्मिती थांबल्याचे. दुसरे, एप्रिल २०११ मध्ये ती बातमी जगभर पसरल्याचे. तेव्हा काही शे यंत्रे शिल्लक होती आणि त्यांतली बहुतेक अरबी लिपीची होती. म्हणून २००९ ग्राह्य धरणे इष्ट. बातमीतील ‘जगातील शेवटचा टंकयंत्र कारखाना’ हा उल्लेख मात्र टिकत नाही, कारण ब्रदर कंपनीच्या ब्रिटनमधील कारखान्यातून २०१२ पर्यंत विद्युत टंकयंत्रे बाहेर पडत होती.

मराठी यंत्रांची मागणी १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर वाढत गेली, असे मानण्यास जागा आहे. सरकारी कचेरीतील यंत्र जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते, आयुष्य संपले की त्याचे निर्लेखन होते, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी होते, आणि लिलावातून ते भंगारवाल्याकडे जाते. टायपिंग क्लासमधील यंत्रे शासकीय टंकलेखन परीक्षा संगणकावर गेल्यानंतर, म्हणजे साधारण २०१५ ते २०१७ या काळात, मोकळी झाली. क्लासमधली यंत्रे जास्त झिजलेली असतात, पण वंगणपाणी झालेले असते. कचेरीतली बरेचदा वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली गंजलेली मिळतात. मागच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला नोंदवहीचा क्रमांक कित्येक जण रंग देताना खरवडून टाकतात. तो ठेवावा, यंत्र कोठून आले हे सांगणारी दुसरी खूण सहसा नसते.

दुरुस्तीचा खरा कस देवनागरी यंत्रावर लागतो. कळ दाबली की टाइपबार (टोकाला अक्षराचा ठसा असलेली दांडी) उडतो, रिबनमधून कागदावर आघात करतो आणि जाता जाता एका आडव्या पट्टीला ढकलतो. त्या पट्टीमुळे दातेरी चाक एक दात सुटते आणि मुख्य स्प्रिंगने ओढून धरलेली कॅरेज (कागद धरणारा सरकता भाग) एक घर डावीकडे सरकते. इंचाला दहा अक्षरे असतील तर हे घर २.५४ मिमी. असते. देवनागरीत मात्रा, अनुस्वार अशा काही चिन्हांच्या कळा ‘मृत’ ठेवलेल्या असतात : चिन्ह उमटते, कॅरेज हलत नाही. बहुतेक रचनांत त्यासाठी टाइपबारचा पट्टीला भिडणारा भागच काढून टाकलेला असतो. इंग्रजी यंत्रावर हात बसलेला नवखा दुरुस्तीकार याला बिघाड समजतो आणि टाइपबार वाकवून ‘नीट’ करतो. मग प्रत्येक मात्रेनंतर एक मोकळे घर पडते.

ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरे एका ठोक्यात होत नाहीत. आधी अर्धे अक्षर, मग काना. त्यामुळे कॅरेजच्या रुळांवर तेल वाळून चिकटले असेल किंवा मुख्य स्प्रिंग सैल असेल, तर काना अर्ध्या अक्षरावर चढतो. दातेरी चाक घसरत असेल, तर तो दूर पडतो. शिरोरेषेची गोष्टही अशीच. ती अक्षरागणिक तुकड्यांनी उमटते आणि तुकडे जुळले तरच ओळ सलग दिसते. इंग्रजीत शिफ्टची बैठक थोडी ढळली तर फक्त मोठी अक्षरे वर-खाली होतात आणि ते खपून जाते. मराठीत शिफ्टच्या दोन्ही स्थितींतली अक्षरे एकाच शब्दात येतात, म्हणून शिरोरेषेच्या पायऱ्या होतात. शिफ्टचे वरचे व खालचे थांबे ठरवणारे स्क्रू एकेक पाव फेरा फिरवून, दर वेळी ‘भाषण’, ‘धोरण’ असे शब्द टंकून पाहणे हीच पद्धत. केवळ इंग्रजी यंत्रे हाताळलेल्या मेकॅनिकवर यात विसंबू नये. मुख्य स्प्रिंगची दोरी सोडताना ढोल (स्प्रिंग ज्यात गुंडाळलेली असते तो डबा) हाताने धरून ठेवावा. सुटला तर तो जोरात उलगडतो आणि बोटे कापतात.

सफाईसाठी जुने मेकॅनिक रॉकेल किंवा पेट्रोल वापरत. बंद फ्लॅटमध्ये पेट्रोल टाळावे. टर्पेंटाइन, टूथब्रश आणि खिडकी उघडी, एवढ्यावर भागते. स्पिरिटने कंपनीचे छापील नाव पुसले जाते. टाइपबार ज्या खाचांत बसतात त्या अर्धवर्तुळाकार भागाला तेल देऊ नये, हा नियम सर्वाधिक मोडला जातो. तेथे तेल धूळ धरते आणि महिन्याभरात अक्षरे अडकू लागतात. शिलाई मशीनचे तेल द्यायचे ते कॅरेजच्या रुळांना, तेही थेंबभर. खाडीकाठच्या वस्तीत जून ते सप्टेंबर गंज धरतो. सिलिका जेलच्या पुड्या घालून यंत्र बंद पेटीत ठेवणे बरे, प्लॅस्टिकखाली ओल अधिकच कोंडते.

रबरी रोलर वयाने दगडासारखा होतो, आवाज वाढतो, अनुस्वार कागदाला भोके पाडतात. वागळे इस्टेट किंवा रबाळे येथील औद्योगिक वसाहतीत रबर चढवून देणारा कोणी सापडल्यास उत्तम. एरवी बारीक पॉलिशपेपर फिरवून तात्पुरते भागते. इतर सुट्या भागांसाठी दुसरे यंत्र मोडावे लागते. रिबन अर्धा इंच रुंदीची. कार्बन पेपर व रिबन यांसाठी घरोघर माहीत असलेल्या कोरसचे नाव ठाण्यात वर्तकनगरकडील स्थळनामात उरले आहे. नवी रिबन न मिळाल्यास जुन्या रिबनला शिक्क्याच्या पॅडची शाई देतात. तेलाची शाई पाण्याच्या शाईपेक्षा जास्त दिवस ओली राहते.