हाय-एंड स्पीकर

हाय-एंड स्पीकर : घरी बसून संगीत ऐकण्यासाठी, खर्चापेक्षा ध्वनीच्या निष्ठेला अग्रक्रम देऊन बांधलेला ध्वनिवर्धक. वूफर (खालच्या सुरांसाठी), मिडरेंज (मधल्या) व ट्वीटर (उंच) ही एकके, त्यांच्यात वारंवारता वाटून देणारे क्रॉसओव्हर मंडल आणि पेटी हे त्याचे मुख्य घटक. स्थिरविद्युत् तत्त्वावरील स्पीकरही या वर्गात मोडतात (पीटर वॉकर यांचा क्वाड, १९५७). मात्र प्रस्तुत नोंद चल-कॉइल प्रकारापुरती, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात सरकणाऱ्या कॉइलने पडदा हलवणाऱ्या स्पीकरपुरती आहे. बसवणूक व निगेचे तपशील बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या सीमाभागातील घरे आणि हवामान गृहीत धरून दिले आहेत.

इतिहास : चल-कॉइल स्पीकरचे जनकत्व वादग्रस्त आहे. चुंबकीय क्षेत्रात आसाच्या दिशेने मागेपुढे सरकणाऱ्या गोल कॉइलची रचना एर्न्स्ट वेर्नर सीमेन्स यांच्या १८७४ च्या पेटंटमध्ये आढळते. पण त्या वेळी दूरध्वनीही आलेला नव्हता आणि कॉइलला पुरवण्याजोगा ध्वनिसंकेत उपलब्ध नव्हता. ऑलिव्हर लॉज यांचे पेटंट १८९८ चे. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियात सुमारे १९१५ मध्ये कॉइलला कर्णा जोडून मोठ्या जमावाला ऐकू जाईल असा आवाज काढून दाखवला. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांचा निबंध १९२५ चा. काही लेखक मान सीमेन्सला देतात, काही जेन्सनला. घरगुती स्पीकरपुरते पाहिल्यास राइस-केलॉग यांचा दावा अधिक सयुक्तिक ठरतो. कोन (शंकूच्या आकाराचा पडदा) आणि कॉइल यांची नैसर्गिक कंपनवारंवारता त्यांनी वापराच्या पट्ट्याच्या खाली ठेवली. तिच्या वर कोनाची हालचाल वस्तुमानाच्या ताब्यात जाते आणि वारंवारता दुप्पट झाली की त्याचा वेग निम्मा होतो. लहान कोनावरचा हवेचा प्रारण-रोध (ध्वनी बाहेर टाकताना हवेकडून होणारा विरोध) मात्र वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही परिणाम एकमेकांना भरून काढतात आणि कर्ण्यावाचून सपाट ध्वनिशक्ती मिळते. आजचा प्रत्येक वूफर याच हिशेबावर चालतो.

पेटीच्या बाबतीत असा वाद नाही. छिद्रयुक्त पेटीचे अल्बर्ट थुरास यांचे पेटंट १९३२ मध्ये मंजूर झाले. पूर्ण बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये केला. नेव्हिल थील (१९६१) आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी वूफरच्या मोजमापांवरून पेटीचे आकारमान काढण्याची रीत घालून दिली.

पेटी : आतल्या हवेच्या दाबाने पेटीच्या भिंती थरथरल्या, तर त्यांचा स्वतःचा आवाज मूळ सुरात मिसळतो. उपाय दोन : २५ मिमी. किंवा त्याहून जाड एमडीएफ (दाबलेल्या लाकूडतंतूंची फळी), बर्च प्लाय अथवा अ‍ॅल्युमिनियम वापरून आत आडवे टेकू देणे. किंवा बीबीसीच्या परंपरेप्रमाणे भिंत पातळ ठेवून तिला डांबरी पत्र्याचे अस्तर लावणे. पहिल्या उपायाने कंप वरच्या वारंवारतेकडे सरकतो, दुसऱ्याने तो लवकर विरतो. वर सरकलेला कंप गायकाच्या आवाजाच्या पट्ट्यात आला, तर जड पेटीही दोषी ठरते. छिद्रयुक्त पेटीत छिद्राच्या जुळणी-वारंवारतेखाली (जिथे छिद्रातली हवा घुमते तिच्याखाली) कोनाला हवेचा आधार उरत नाही. तिथे जोर दिला की कॉइल मागच्या पट्टीवर आपटते. छिद्रातल्या हवेचा वेग सेकंदाला सुमारे १७ मी.च्या पुढे गेला की फुसफुस ऐकू येते.

पुढच्या फळीच्या रुंदीमुळेही फरक पडतो. उंच सूर फळीमुळे पुढेच फेकले जातात, तर खालचे चहूबाजूंना पसरतात आणि समोर ६ डेसिबेलपर्यंत कमी पडतात. हा बदल साधारण ११५ भागिले रुंदी (मीटरमध्ये) इतक्या हर्ट्झला होतो, २३ सेंमी. फळीसाठी ५०० हर्ट्झ. क्रॉसओव्हरमध्ये याची भरपाई नसेल, तर पेटी कितीही देखणी असो, आवाज पातळ वाटतो.

क्रॉसओव्हर : सध्या झिगफ्रीड लिंक्विट्झ व रस रायली यांची १९७६ मधील रचना प्रचलित आहे. दर सप्तकाला २४ डेसिबेल उतार, जोडबिंदूवर (एका एककाकडून दुसऱ्याकडे सूर सोपवण्याच्या वारंवारतेला) दोन्ही एकके ६ डेसिबेल खाली आणि बेरीज सपाट. ही बेरीज ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत टिकावी म्हणून एककांच्या केंद्रांतील अंतर जोडबिंदूच्या तरंगलांबीच्या आत ठेवतात. २,००० हर्ट्झला ती सुमारे १७ सेंमी. असते. क्रॉसओव्हरमधील लोखंडी गाभ्याची कॉइल मोठ्या प्रवाहाला संपृक्त होऊन (गाभ्याची चुंबकत्वाची मर्यादा संपून) विकृती आणते, म्हणून वूफरच्या मालिकेत हवाई गाभ्याची जाड कॉइल घालतात. दोन कॉइली शेजारी समांतर बसवल्या, तर एकीचा संकेत दुसरीत उतरतो. त्या दूर आणि काटकोनात हव्यात. ८ ओहम लिहिलेल्या स्पीकरचा रोध काही वारंवारतांना ३ ओहमपर्यंत उतरतो आणि प्रवाह कमी देणारा अ‍ॅम्प्लिफायर तिथे दमतो.

ध्वनिगुणवत्ता : बेरिलियम, हिरा, सिरॅमिक, रेशीम या पडद्यांच्या द्रव्यांची चर्चा फार होते. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात आणि पुढे अमेरिकेत केलेल्या श्रवणचाचण्यांवरून मात्र समोरचा सपाट आणि बाजूंना हळूहळू, विनाखळगे उतरत जाणारा प्रतिसाद श्रोते पसंत करतात असे दिसते. १३ सेंमी. प्रभावी व्यासाचा कोन साधारण १,७०० हर्ट्झच्या वर झोत अरुंद करू लागतो. ट्वीटर त्याच्या बराच वर जोडला, तर बाजूच्या प्रतिसादात पायरी पडते. महागड्या जोड्यांतही हा दोष सापडतो.

बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले गायक कुमार गंधर्व (१९२४–९२) आणि शेजारच्या धारवाडचे गवई यांच्या जुन्या मुद्रणांसाठी २० हर्ट्झपर्यंतचा खर्ज फारसा कामाचा नाही. काळी एक पट्टीत तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा सुमारे १३९ आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झला असते. जवारीचा झंकार मात्र बराच वरपर्यंत जातो. ट्वीटरमध्ये उंचवटा असला की जवारी चरचरते आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर पुढे येते. अशा संग्रहासाठी १०० ते ५,००० हर्ट्झ एकसारखा असणारी बंद पेटी अधिक भरवशाची.

खोली : ४.५ × ३.२ × ३ मी.च्या स्लॅबच्या खोलीत सुमारे ३८, ५४, ५७ आणि ७६ हर्ट्झला हवा घुमते. ५४ व ५७ जवळजवळ असल्याने तेवढाच खर्ज फुगतो. रुंदी व उंची एकसारखी असलेली खोली म्हणूनच टाळावी. कौलारू घरात खर्ज छतातून निसटतो आणि घुमारा कमी होतो; पावसाचा आवाज मात्र थेट आत येतो. पेट्या मागच्या भिंतीपासून ६० ते ९० सेंमी. पुढे, ट्वीटर कानाच्या उंचीला, आणि दोन पेट्या व श्रोता मिळून समभुज त्रिकोण, येथून जुळणी सुरू करतात. शहाबादी फरशीवर श्रोता आणि पेटी यांच्यामध्ये जाजम हवे. पेटीखालच्या पोलादी खिळ्यांनी फरशीचा टवका उडतो, म्हणून खाली पितळी वाट्या देतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही लेथवर त्या कातून मिळतील.

हवामान व निगा : कणकुंबी-जांबोटीचा पाऊस आणि अथणीची कोरडी धूळ यांत एकाच जिल्ह्यात मोठा फरक आहे. दमट हवेत कोनाभोवतीची पॉलियुरेथेन फोमची कड जलविघटनाने चिकट होऊन तुटते. रबरी कड जास्त टिकते. पावसाळ्यात पेटीवर प्लास्टिक घालू नये, ओल आत कोंडते आणि कागदी कोनावर बुरशी येते. एमडीएफची तळकड ओल्या पोछ्याने फुगते. सतत उष्णतेत ट्वीटरच्या फटीतील चुंबकीय द्रव घट्ट होऊन आवाज बसतो.

कड बदलताना जुना फोम व गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतात. कोनाची मधली टोपी काढून कॉइल आणि चुंबकाच्या गाभ्याच्या मध्ये सर्व बाजूंनी सारख्या जाडीच्या फिल्मच्या पट्ट्या बसवतात. नवी कड आधी कोनाला आणि ते जुळल्यावर सांगाड्याला चिकटवतात. २४ तासांनी पट्ट्या काढून ३० हर्ट्झचा हळू सूर देतात. खरखर आली तर कॉइल एका बाजूला घासते आहे. तेव्हा कड सोडवून केंद्र पुन्हा जुळवावे लागते आणि टोपी त्यानंतरच चिकटवतात.