पुनर्विश्लेषण संचांतील स्थितांबरीय अभिसरणाची तुलना

जुनी निरीक्षणे आणि एकच, न बदलणारे संगणकीय प्रारूप यांच्या मेळातून भूतकाळातील वातावरणाची सलग नोंद तयार होते, तिला पुनर्विश्लेषण म्हणतात. रेडिओसाँडचे (हवेची मापने घेत वर जाणाऱ्या उपकरणाचे) फुगे साधारण १० हेक्टोपास्कल दाबाच्या (सु. ३० किमी) आसपास फुटतात. त्याहून वर उपग्रहांची प्रारणमापने आणि प्रारूप एवढाच आधार उरतो, आणि वेगवेगळ्या संस्थांच्या पुनर्विश्लेषण संचांमधली तफावत तिथेच वाढते.

प्रथम प्रारूपाचे छत, म्हणजे त्याची सर्वांत वरची पातळी, पाहावे. युरोपचा ईआरए५ (१३७ स्तर) व नासाचा मेरा-२ (७२ स्तर) हे संच ०.०१ हेक्टोपास्कलपर्यंत जातात, तर जपानचा जेआरए-५५ (६० स्तर) ०.१ पर्यंत. लहरी छतावर आपटून परतू नयेत म्हणून तिथे कृत्रिम अवमंदन लावलेले असते. ते वरचे स्तर तुलनेतून वगळावेत.

ध्रुवीय भोवरा, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणारे पश्चिमी वारे, तुलनेने सोपा. ६० अंश उत्तरेस, १० हेक्टोपास्कलवर पश्चिमी वारे कोणत्या दिवशी उलटले, याबाबत १९७९ नंतर संचांचे बहुतांशी एकमत असते. विषुववृत्तावर तसे नाही. तिथे सुमारे २८ महिन्यांच्या आवर्तनाने पूर्वेकडून व पश्चिमेकडून येणारे वारे आलटून पालटून खाली उतरतात. तापमानावरून वारा काढण्याची रीत विषुववृत्तावर लंगडी पडते, कारण तिथे कोरिऑलिस बल (पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळवणारे) शून्यावर येते. त्यामुळे सिंगापूरसारख्या मोजक्या रेडिओसाँड केंद्रांवर मदार राहते. त्यांच्यापासून दूर, विशेषतः वारा पालटत असताना, संच एकमेकांपासून फाकतात.

सर्वांत अवघड राशी म्हणजे उष्णकटिबंधातील संथ ऊर्ध्वगमन. ७० हेक्टोपास्कलवर ते सेकंदाला मिलिमीटरच्या अंशात असते आणि थेट मोजता येत नाही. ते काढताना सहा-तासिक वारे व तापमान घेऊन आधी मूळ जाळीवर उष्णता व संवेग यांचे लहरी-अभिवाह (लहरींनी होणारी वाहतूक) काढावेत, मग रेखांशीय सरासरी, मग महिन्याची. मासिक सरासरीपासून सुरुवात केली तर क्षणिक लहरींचा वाटाच गळून पडतो. हेच ऊर्ध्वगमन संवेगाच्या आणि उष्णतेच्या समीकरणांतूनही काढून पडताळावे. एकाच संचातून तीन पद्धतींनी तीन उत्तरे आली, तर त्या संचाचा दीर्घकालीन कल सांगण्याची घाई करू नये.

उपग्रह बदलले की मालिकेत पायरी पडते. १९९८ मध्ये नवी सूक्ष्मतरंग उपकरणे आल्याची खूण वरच्या स्थितांबराच्या तापमानात दिसते. मेरा-२ मध्ये २००४ पासून ऑरा उपग्रहाची मापने मिसळली आहेत. अशा पायरीवरून ओढलेली कलरेषा फसवी असते. ईआरए५ च्या खालच्या स्थितांबरात २०००–२००६ दरम्यान थंडपणाची चूक शिरली होती. त्या वर्षांसाठी ईआरए५.१ ही दुरुस्त आवृत्ती वापरावी. संचांची निरीक्षणे बरीचशी सामाईक असल्याने त्यांचे एकमत हा स्वतंत्र पुरावा मानता येत नाही.