धिंगरी अळिंबीची घरगुती लागवड

धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) ही प्लुरोटस प्रजातीतील खाद्य बुरशी. शिंपल्याच्या आकाराची टोपी, एका बाजूला आखूड देठ आणि एकावर एक चढलेले घोस ही तिची ओळख. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत झाडांच्या बुंध्यांवर तिच्या लागवडीचे प्रयोग झाले. आज ती भाताचा पेंढा, गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार, कपाशीच्या पऱ्हाट्या अशा शेतात उरणाऱ्या मालावर घेतात. बटण अळिंबीला कुजवलेले कंपोस्ट आणि १४ ते १८ अंश सेल्सिअसची थंडी लागते. धिंगरीला कच्चे काड चालते आणि २० ते ३० अंशांत ती येते, त्यामुळे महाराष्ट्रात घरच्या एखाद्या रिकाम्या खोलीत सुरुवात करायला तीच योग्य.

जात हंगामाप्रमाणे निवडावी. पांढरी फ्लोरिडा थंडीत उत्तम, करडी साजोर-काजू पावसाळ्यातही चांगली, तर गुलाबी धिंगरी जास्त उष्णता सोसते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धिंगरीचा हट्ट धरू नये. त्या दिवसांत दुधी अळिंबी घ्यावी. तिला ३० ते ३५ अंश मानवतात, पण बेडवर, म्हणजे बियाणे घालून भरलेल्या काडाच्या पिशवीवर, मातीचा थर द्यावा लागतो.

बियाणे. उकडून निर्जंतुक केलेल्या ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी म्हणजे स्पॉन. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचे संशोधन केंद्र आहे, हिमाचलातील सोलन येथे राष्ट्रीय संशोधन संचालनालय आहे. खासगी प्रयोगशाळाही बियाणे पुरवतात. दाणे एकसारखे पांढरे आणि वास ताजा हवा. पिशवीत पिवळे पाणी साचलेले किंवा हिरवा ठिपका दिसलेले बियाणे घेऊ नये. ते फ्रीजमध्ये टिकते. अपवाद गुलाबी धिंगरीचा, तिचे बियाणे थंडीत मरते.

काड. घरगुती लागवडीचे यशापयश बहुतेक इथेच ठरते. काड याच हंगामातले, कडकडीत वाळलेले आणि पावसात न भिजलेले असावे. एकदा भिजून वाळलेल्या काडात परक्या बुरशीने आधीच घर केलेले असते. ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करून पोत्यात भरावेत, रात्रभर पाण्यात भिजवावेत आणि निथळल्यावर ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवावेत. फॉर्मॅलिन हे जंतुनाशक आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक यांच्या द्रावणात भिजवण्याची पद्धतही प्रचलित आहे. मात्र फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असते, म्हणून राहत्या घरात गरम पाणीच वापरावे. निथळलेले काड मुठीत घट्ट दाबले की हात ओला व्हावा, पण पाण्याची धार लागू नये. हा ओलावा साधारण ६५ ते ७० टक्के असतो.

बेड भरणे. काड पूर्ण गार होऊ द्यावे. कोमट काडावर टाकलेले बियाणे मरते आणि पंधरा दिवसांनी पिशवी जशीच्या तशी दिसते. ओल्या काडाच्या वजनाच्या २ टक्के बियाणे घ्यावे; एक किलो कोरडे काड भिजून सुमारे तीन किलो होते, त्याला ६० ग्रॅम पुरे. प्लॅस्टिकच्या पिशवीत काडाचा थर, कडेने बियाणे, पुन्हा थर असे दाबून भरावे आणि तोंड बांधून सगळीकडे सुईने २५-३० भोके पाडावीत. अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत बेड सुटे टांगावेत. वाढत्या बुरशीमुळे आतले तापमान खोलीपेक्षा जास्त असते, त्यामुळे एकमेकांवर रचलेले बेड आतून तापतात.

१५ ते २० दिवसांत बेड पांढराशुभ्र आणि घट्ट होतो. मग प्लॅस्टिक कापून काढावे, खोलीत मंद उजेड आणि मोकळी हवा द्यावी आणि जमिनीवर, भिंतींवर, टांगलेल्या बारदानावर दिवसातून दोन-तीनदा पाणी मारून ८० ते ९० टक्के आर्द्रता ठेवावी. चार-पाच दिवसांत पिनहेड, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत काढणी होते.

लक्षणे आणि उपाय. काय बिघडले आहे ते अळिंबीच्या आकारावरूनच ओळखता येते. लक्षणे न पाहता नुसते पाणी वाढवत गेल्याने सर्वांत जास्त नुकसान होते. देठ लांब आणि टोप्या बटणाएवढ्या राहिल्या, तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला आहे. खिडकी उघडावी, दार बंद ठेवून पाणी मारू नये. टोप्यांच्या कडा वाळून चिरल्या, तर हवा कोरडी आहे. पिनहेड पिवळे पडून मेले, तर त्यांच्यावर थेट फवारा गेला असेल किंवा वाऱ्याचा झोत लागत असेल. टोपीवर चिकट, पिवळट-तपकिरी डाग हा जिवाणूंचा रोग. टोप्या तासन्‌तास ओल्या राहिल्या की तो येतो. फवारणीनंतर त्या लवकर सुकतील इतकी हवा खेळती ठेवावी.

हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, दिसली की ती कधी आणि कुठे आली ते पाहावे. पहिल्या आठवड्यात दाण्यांभोवती उठली, तर दोष बियाण्यात किंवा हाताळणीत आहे. जागोजागी मोठे पट्टे आले, तर काड नीट तापले नाही किंवा फार ओले राहिले. तिसऱ्या काढणीनंतर आली, तर बेडचा कस संपला आहे. असा बेड खोलीत उघडू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून दूर न्यावा. नारिंगी भुकटीसारखी बुरशी तर त्याहून वेगाने पसरते.

बेडवर कधी नाजूक छत्र्या उगवतात आणि दिवसभरात काळ्या शाईसारख्या विरघळतात. ही कोप्रिनस जातीची तणबुरशी. ती उपटून टाकावी, खाऊ नये. आपण बियाणे लावलेली अळिंबी सोडून बेडवर काहीही उगवले, तरी हाच नियम. गोव्यात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात वारुळांवर येणाऱ्या रानअळिंबीचा या लागवडीशी संबंध नाही. ती वाळवीच्या सोबतीनेच वाढते आणि घरी घेता येत नाही.

बारीक काळ्या माश्या आल्या की त्यांच्या अळ्या बुरशीचे जाळे आणि देठ पोखरतात. खिडक्यांना बारीक जाळी, पिवळे चिकट सापळे आणि संपलेले बेड ताबडतोब हलवणे हाच खरा इलाज. अळिंबीवर कीटकनाशक मारू नये, कारण ती काही दिवसांतच ताटात येते.

काढणी. टोपीची कड वर वळण्याआधी घोस हलका पिरगाळून काढावा. उशीर झाला की पांढरे बीजाणू हवेत पसरतात आणि बंद खोलीत काम करणाऱ्याला खोकला, ताप, दमा जडू शकतो; तोंडाला मास्क असावा. देठाचे तुकडे बेडवर राहू देऊ नयेत, ते कुजतात. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दुसरी, तिसरी काढणी मिळते. सर्व काढण्या मिळून एक किलो कोरड्या काडामागे ७०० ग्रॅम ते एक किलो ताजी अळिंबी मिळाली, तर लागवड जमली असे समजावे. भोके पाडलेल्या पिशवीत ती फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. विक्री जमली नाही तर उन्हात वाळवावी. दहा किलोंची साधारण एक किलो होते. उरलेले काड गांडूळखताला उत्तम, फक्त हिरव्या बुरशीचे बेड अळिंबीच्या खोलीजवळच्या खड्ड्यात टाकू नयेत.