गाडी टोचन करून आणताना

पावसाळा सुरू झाला की आमच्या गॅरेजचा फोन सकाळपासून वाजतो. "गाडी बंद पडलीय, भावाच्या गाडीला दोरी लावून आणतोय." बहुतेक गाड्या धड पोहोचतात. गेल्या पावसात मात्र एक गाडी आली ती स्वतःचा पुढचा बंपर मागच्या सीटवर घेऊन. दोरी बंपरलाच बांधली होती.

गाडी मुंबईत हिंदमाताच्या किंवा मिलन सबवेच्या पाण्यात बंद पडली असेल, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावं लागतं. ऑटोमॅटिक, इलेक्ट्रिक आणि फोर बाय फोर गाड्यांना दोरी लावूच नका. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरत नाही, आतले भाग कोरडेच घासतात. अशा गाडीला फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक.

दोरी लावायचा हूक डिकीत, जॅक-पान्याजवळ असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढलं की आटे दिसतात. हूक हाताने पूर्ण आत फिरवा, मग पान्याने आवळा. काही गाड्यांत आटे उलटे असतात. जोर करू नका, दुसऱ्या बाजूने फिरवून बघा. दोरी म्हणजे टोचनचा पट्टाच हवा, गाडीच्या वजनापेक्षा जास्त ताकदीचा. दोरीला गाठ मारली की ती तिथेच कमजोर होते. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, तसा नियमच आहे. आणि पट्ट्याच्या मधोमध लाल फडकं बांधा. आपल्याकडे सिग्नलला बाइकवाले दोन गाड्यांच्या मधून घुसतात, त्यांना पट्टा दिसलाच पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंद गाडीत कोण बसणार? लोक अनुभवी माणसाला पुढे बसवतात आणि मागे नुकतं लायसन्स मिळालेल्या मुलाला. आम्ही कळकळीने सांगतो, उलट करा. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदाच नीट लागतो. नंतर पेडल दगडासारखं होतं, पूर्ण पाय रोवून दाबावं लागतं. स्टिअरिंगही जड होतं. निघण्याआधी जागेवरच चार-पाच वेळा ब्रेक दाबून पायाला ते कळू द्या. चावी ऑनच ठेवा, काढली तर स्टिअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, हॅझर्ड (चारही इंडिकेटर) चालू.

पुढच्याने अर्ध्या क्लचवर हळूहळू पट्टा ताणून घ्यावा; झटका दिला की हूक किंवा पट्टा तुटतो. वेग ताशी 20 च्या आतच. पट्टा कायम ताणलेला ठेवणं हे मागच्याचं काम. फ्लायओव्हर उतरताना त्याने आधी हलका ब्रेक लावायचा, नाहीतर पट्टा ढिला पडून चाकाखाली जातो. एक हॉर्न म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, हे आधीच ठरवून घ्या.

सी लिंक, फ्रीवे, द्रुतगती मार्ग इथे दोरीने टोचन नको. मदतीसाठी 112, राष्ट्रीय महामार्गावर 1033.

मुलांना आणि आजी-आजोबांना रिक्षाने घरी पाठवा. बंद गाडीत फक्त चालवणारा बसेल. निघण्याआधी आम्हाला एक फोन करा. गाडीचं मॉडेल आणि गिअरचा प्रकार सांगितलात की दोरी चालेल की फ्लॅटबेड लागेल, ते लगेच सांगू.