घरं नव्हे, रेघा मोजा: गोचा पट घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आम्ही गो या दोघांनी खेळायच्या बैठ्या खेळाचे पट आणि खडे बनवतो. पट पोचला की चार दिवसांत ग्राहकांचे फोन येतात. त्यांतली एक तक्रार इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळा येते: "तुम्ही १९ बाय १९ चा पट म्हणाला होतात, हा तर १८ बाय १८ चा निघाला." काही जण फोन न करता सरळ पट परत पाठवतात. जाण्यायेण्यात आठ-दहा दिवस मोडतात, कोपरे दबतात, आणि शेवटी तोच पट पुसून, नव्या खोक्यात घालून आम्ही पुन्हा त्यांनाच पाठवतो. ज्या दिवशी खेळायला बसायचं तो दिवस असा वाया जातो, म्हणून हे पत्रक आता प्रत्येक खोक्यात सगळ्यात वर ठेवलेलं असतं.

तुमचा पट बरोबर आहे. गोमध्ये घरं मोजत नाहीत, रेघा मोजतात. उभ्या रेघा १९ आणि आडव्या १९, म्हणजे त्यांच्यामध्ये घरं १८च पडणार. खडा घरात ठेवायचा नसतो. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या फुलीवर तो ठेवायचा. काठावरच्या आणि कोपऱ्यातल्या फुल्याही धरायच्या, त्यांवरही खेळता येतं. अशा एकूण ३६१ फुल्या होतात. रेघांवरची ही मोजणी फार जुनी आहे. १९५२ साली चीनमधल्या हबेइ प्रांतात, वांगदू इथल्या पूर्व हान राजवटीच्या काळातल्या (इ.स. २५ ते २२०) थडग्यात दगडी पट सापडला, त्यावर १७ बाय १७ रेघा आहेत. रेघा पुढे वाढल्या, पण खडा फुलीवरच राहिला.

"घरात ठेवून खेळलं तर काय बिघडतं? दोघांनी सारखंच खेळायचं." हा प्रश्नही नेहमी येतो, आणि तो चुकीचा नाही. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण अडचण नुसत्या मोजणीची नाही. गोमध्ये रेघ म्हणजे जोड. एका फुलीवरून रेघेने थेट शेजारच्या फुलीवर जाता येत असेल तरच तिथले खडे एकमेकांना जोडलेले. तिरकी रेघ पटावर नाहीच, म्हणून तिरके खडे जोडलेले नाहीत. फुलीवर खेळताना हे आपोआप दिसतं, कोणाला सांगावं लागत नाही. घरात खडे ठेवले की रेघा कुंपण होतात आणि डोळ्याला बुद्धिबळातल्या उंटाची सवय असल्यामुळे तिरका शेजारीही आपला वाटू लागतो. मग खेळणारा समजतो की आपली साखळी पक्की आहे. समोरचा मधून शिरून ती तोडतो आणि "नियमच कळत नाहीत" म्हणून पट कपाटावर जातो. पटावरचे ठसठशीत ठिपकेही फुल्यांवरच आहेत. घरात खेळणाऱ्याला ते घरांच्या कोपऱ्यांत आलेले दिसतात, आणि तोही छपाईचा दोष वाटतो.

मागे एका काकांचा फोन आला होता. पट सदोष आहे, पैसे परत हवेत, एवढंच ते सांगत होते. आम्ही म्हटलं, फोन चालू ठेवा आणि डाव्या काठापासून रेघांवर बोट टेकवत मोजा. ते मोठ्याने मोजत गेले. सतरा, अठरा, मग जरा थांबले, आणि एकोणीस. मग म्हणाले, "म्हणजे नातू आणि मी गेले तीन दिवस भलताच खेळ खेळतोय." त्यांना आम्ही फोनवरच पहिला खडा पकडायला शिकवलं. तुम्हालाही तेच शिकवतो.

एक काळा खडा पटाच्या मध्ये कुठेही ठेवा. त्याच्यापासून चार रेघा निघतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. त्या चार रेघांवरच्या लगतच्या चार मोकळ्या फुल्या म्हणजे त्या खड्याचे श्वास. चिनी भाषेतही त्यांना 'ची' म्हणतात, म्हणजे हवा, श्वास. पांढऱ्याने चारही श्वास अडवले की काळा खडा पटावरून उचलायचा. खडा काठावर असेल तर श्वास तीनच, कोपऱ्यात फक्त दोन. रेघेने जोडलेले एकाच रंगाचे खडे मिळून श्वास घेतात. शेजारी दुसरा काळा ठेवला तर दोघांचे मिळून सहा होतात. एकच श्वास उरला की त्या स्थितीला जपानीत 'अतारी' म्हणतात. शिकताना ते तोंडाने म्हणत जा, समोरच्याला सावध करणं सुरुवातीला चांगलं.

पहिले दहा-पंधरा डाव एवढ्यावरच खेळा: जो आधी खडा पकडेल तो जिंकला. हे डाव मोठ्या पटावर खेळू नका. आमच्या प्रत्येक मोठ्या पटाची पाठही छापलेली असते. उलटा केलात की ९ बाय ९ रेघांचा, ८१ फुल्यांचा लहान पट मिळतो. यासाठी छपाई दोनदा करावी लागते, लाकूड दोन्ही बाजूंनी घासावं लागतं, आणि म्हणून आमचा पट इतरांपेक्षा थोडा महाग पडतो. तरी आम्ही हे सोडलेलं नाही. १९ च्या पटावर नवख्या माणसाला पन्नास खडे झाले तरी कोण पुढे आहे ते कळत नाही. ९ च्या पटावर डाव लवकर आटोपतो आणि चूक कुठे झाली ते आठवतं. ज्यांना अजून खेळ आवडेल की नाही याचीच खात्री नाही, त्यांना तर आम्ही फक्त ९ चा घडीचा पट घ्यायला सांगतो. मोठा पट नंतर घेता येतो, आणि तेव्हा लहान पटाचे खडे त्यात धरून आम्ही फक्त उरलेले देतो.

पकडापकडी हातात बसली की खरा खेळ सुरू करा. खरा खेळ जागेचा आहे, पकडणं हे त्याचं साधन. दोघांनी आळीपाळीने खडे ठेवायचे, काळा आधी. एकदा ठेवलेला खडा हलत नाही, पकडला गेला तरच निघतो. आता आणखी दोन गोष्टी लागतील. एक म्हणजे डोळे. तुमच्या खड्यांनी पूर्ण वेढलेली मोकळी फुली हा एक डोळा. एकच डोळा असेल तर शत्रू बाहेरून सगळे श्वास अडवून शेवटी त्या डोळ्यात खडा टाकतो आणि सगळा गट उचलतो. दोन वेगळे डोळे असतील तर ते जमत नाही. एका डोळ्यात खडा टाकला तर दुसऱ्यातून गट श्वास घेतोच, टाकलेल्या खड्याला मात्र श्वास उरत नाही, आणि असा आपलाच जीव घेणारा खडा ठेवायला मनाई आहे. दोन डोळ्यांचा गट मग कायमचा जिवंत.

दुसरी गोष्ट 'को'. काही ठिकाणी मी तुमचा एक खडा उचलतो, तुम्ही लगेच माझा उचलू शकता, मग मी तुमचा, आणि हे कधीच थांबणार नाही. म्हणून नियम असा की पट जसाच्या तसा मागच्या स्थितीला नेणारी चाल लगेच करायची नाही. आधी दुसरीकडे एक खडा ठेवायचा. या नियमाचं नाव ज्या चिनी अक्षराने लिहितात तेच अक्षर बौद्ध ग्रंथांतल्या 'कल्प' या शब्दासाठी वापरतात. ब्रह्मदेवाच्या दिवसाएवढा तो कल्प. आम्हाला हे कळलं त्या दिवसापासून को समजावताना हाच शब्द सांगतो, आणि पोरांना तो पटकन कळतो.

डाव कधी संपतो हे कोणी विचारलं तर उत्तर सोपं: दोघांनीही लागोपाठ 'पास' म्हटलं की. आपल्या ताब्यातल्या जागेत उगाच खडे भरत बसू नका, जपानी पद्धतीच्या मोजणीत त्याने आपलेच गुण कमी होतात. वेढलेल्या मोकळ्या फुल्या अधिक पकडलेले खडे, ही त्या पद्धतीची बेरीज. पकडलेले खडे खड्यांच्या वाटीच्या उलट्या झाकणात ठेवायचे, झाकण त्यासाठीच खोलगट असतं.

आता ज्या गोष्टी दोष वाटतात पण नाहीत त्या. मोठा पट चौरस नसतो. खेळणारा पटाकडे तिरकस बघतो, म्हणून समोरच्या खेळाडूच्या दिशेला तो थोडा लांब ठेवतात. जपानी परंपरेत ते प्रमाण १५ ला १४ आहे. आमचा पटही साधारण ४५.५ सेंटिमीटर लांब आणि ४२.५ रुंद आहे. तुमच्याकडून समोरच्या खेळाडूपर्यंतची बाजू लांबीची ठेवा. काळे खडे पांढऱ्यांपेक्षा किंचित मोठे असतात, आमचे २२.२ मिलिमीटर आणि २१.९. पांढरा रंग डोळ्याला पसरल्यासारखा दिसतो, सारखे केले तर काळे बारीक वाटतात. पांढरा खडा एक कमी असतो, १८० पांढरे आणि १८१ काळे, कारण पहिली चाल काळ्याची. दाटीच्या जागी खडे एकमेकांना टेकतात, कधी थोडे सरकतात, तेही ठीक. रुंदीच्या दिशेने रेघांमधलं अंतर २२ मिलिमीटरच आहे.

खडा अंगठा आणि तर्जनीत चिमटीने धरू नका, ठेवताना शेजारचे हलतात. तर्जनीच्या नखावर खडा, वरून मधल्या बोटाचं पेर, आणि मधल्या बोटाने तो फुलीवर टेकवून तर्जनी काढून घ्यायची. लाकडावर 'टक्' असा आवाज आला की जमलं. हे तीन-चार दिवसांत येतं आणि मग चिमटीकडे कोणी परत जात नाही. आमचे खडे दोन्ही बाजूंनी फुगीर आहेत ते याच पकडीसाठी. ज्यांना डावानंतर खडे उलटेपालटे करून चर्चा करायची सवय आहे, त्यांच्यासाठी एका बाजूने सपाट, चिनी धाटणीचे खडेही आम्ही बनवतो.

पट ओल्या फडक्याने पुसू नका, कोरडं सुती कापड पुरे. खडा फुटला किंवा हरवला तर रंग, जाडी आणि खडा फुगीर की सपाट एवढं कळवा, सुटा खडा मिळतो. आणि पट परत पाठवण्याआधी एकदा काठावर बोट टेकवून रेघा मोजा.